काचेत ठेवलेली घंटा

मी शाळेची घंटा बोलतेय. वाजता आलं असतं तर बोलायची वेळच आली नसती, हे आधीच सांगून टाकते.

जाडजूड पितळेची गोल थाळी आणि वर दोरीसाठी भोक, एवढाच माझा देह. कारागिराने मला साच्यातून काढलं, निवू दिलं आणि पहिला टोला हाणला. मी अशी काही खणखणले की शेजारच्या दुकानातला शिंपी बोटात सुई टोचून घेऊन धावत आला.

"कुणासाठी बनवलीस ही?"

"शाळेसाठी."

"मग पोरं बहिरी होणार," म्हणत तो बोट चोखत परत गेला.

पोरं बहिरी झाली नाहीत. उलट माझ्यासाठी त्यांचे कान कायम टवकारलेले असत. शाळेच्या व्हरांड्यात मी वर्षानुवर्षं लटकले. शिपाईकाका टोले द्यायचे. सकाळच्या टोल्याला मुलं तोंडं पाडून आत शिरायची आणि शाळा सुटल्याची लांबलचक घंटा झाली की बांध फुटल्यासारखी बाहेर पडायची. सरांचं वाक्य अर्धंच राहायचं. कित्येकांचे न आलेले पाढे मी ऐन वेळी वाजून वाचवले आहेत. त्याबद्दल कुणी माझे आभार मानले नाहीत, तो भाग वेगळा.

मग विजेची बेल आली. बटण दाबलं की नुसती पिरपिर. मला उतरवून अडगळीच्या खोलीत टाकलं, फाटक्या नकाशांवर. गरज सरो, वैद्य मरो! पुढे परदेशातल्या एका शाळेने आमच्या काही मुलांना पाहुणे म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांना तिथे द्यायला भेट हवी होती, तीही फुकटातली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. घासूनपुसून, हातोड्यासकट मला कापडात गुंडाळलं आणि भोंगाच्या पिशवीत कोंबलं.

भोंगा म्हणजे सातवीतली एक मुलगी. खरं नाव हजेरीपुरतं. तिने कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या वर्गाला कळायचं. तिचं-माझं जमलं नसतं तरच नवल.

तिथल्या मुख्य बाईंनी मला दोन्ही हातांनी घेतलं. "किती सुंदर!" म्हणाल्या आणि दारासमोरच्या काचेच्या कपाटात ठेवून दिलं. हातोडाही शेजारी निजवला. आमच्या मुलांबरोबर आलेल्या बाई कृतार्थ झाल्या. मला काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

कपाटासमोरच एक वर्ग होता, दार सदा उघडं. त्या शाळेत तासाची घंटाच नव्हती. मुलं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आपसूक उठायची आणि खुर्च्याही आवाज न करता सरकवायची. शिक्षक आत आले तरी कुणी उभं राहत नसे. आमची मुलं मात्र झटकन उभी राहायची आणि आपणच तेवढे उभे आहोत हे कळल्यावर ओशाळून बसायची.

खोटं कशाला बोलू? तिथलं एक मला फार आवडलं. एक मुलगी "कळलं नाही" म्हणून एकच गणित पुन्हा पुन्हा विचारत होती आणि शिक्षक न चिडता पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्याकडे एकदा विचारलं की "लक्ष कुठे होतं?" ऐकावं लागतं, दुसऱ्यांदा विचारायची कुणाची बिशाद! पण मधल्या सुट्टीत हीच मुलं आपापल्या डब्यात डोकं घालून गप्प जेवायची. आमच्याकडे ज्याचा डबा त्याच्याच पोटात गेलाय, असं क्वचितच घडतं.

आणि भोंगा? तिला जो तो म्हणायचा, "जरा हळू." तिच्या बाई म्हणायच्या, तिथल्या बाई म्हणायच्या, झाडलोट करणाऱ्या मावशीसुद्धा म्हणायच्या. होता होता ती नुसत्या मानेने उत्तरं देऊ लागली. मला ते बघवेना.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या शेजारी बसणाऱ्या तिथल्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे ताट कशाचं?"

"ताट नाही गं, घंटा आहे. ही वाजली की आम्ही घरी जातो."

"वाजते कशी?"

कपाटाला कुलूप नव्हतं. तिथे न विचारता कुणी कशाला हातच लावत नसे. भोंगाने मला बाहेर काढलं, दोरीला धरलं आणि शाळा सुटल्याची घंटा दिली. ठण ठण ठण ठण!

काय सांगू! अंगात जीव आला माझ्या. मुलं आता आरडाओरडा करत पळणार म्हणून मी वाट बघत राहिले. मुलं बाहेर आली, पण रांगेत, पांढरेफटक चेहरे घेऊन. त्यांच्याकडे घंटा वाजते ती फक्त आग लागल्यावर. सगळी शाळा मैदानात उभी राहिली, धाकटी मुलं रडायला लागली, आणि लाल बंब दारात हजर.

"नाक कापलंस आमचं!" आमच्या बाई कडाडल्या. "उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची. त्यापलीकडे अवाक्षर काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा जमली. भोंगा मला पोटाशी धरून उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली.

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी म्हणालं. "जरा मोठ्याने!"

तिने मान वर केली. मग त्यांच्या भाषेत, मोडकंतोडकं पण खणखणीत बोलली, "तुम्ही घाबरलात, लहान मुलं रडली, त्याची माफी मागते. अगदी मनापासून. पण घंटा वाजवली म्हणून नाही मागणार. कळलं नाही तर विचारायचं, हे मी इथेच शिकले. मग सांगा, वाजणारी वस्तू तुम्ही काचेत का ठेवलीत?"

आमच्या बाईंनी कपाळाला हात लावला. मुख्य बाई पुढे आल्या. "प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण नियम तो नियम." त्यांनी मला परत कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि हातोडा आपल्या टेबलाच्या खणात टाकला.

निघताना भोंगा काचेला नाक लावून उभी राहिली. "चल, आणि हळू बोल," बाई म्हणाल्या.

"नाही बोलणार हळू!" ती ओरडली. "येते गं घंटे!"

त्या आवाजाने काच थरथरली आणि हातोड्याशिवाय मी वाजले. अगदी बारीक, पण वाजले. ते फक्त तिला आणि मला कळलं.

अजून मी तिथेच आहे. येणारेजाणारे "किती सुंदर!" म्हणतात. मला नकोय ते कौतुक. पोरांनो, मला पुसू नका, माझे फोटो काढू नका. हातोडा मिळाला नाही तरी चालेल. माझ्यासमोर उभे राहा आणि पोटातून ओरडा. बाकीचं माझं मी बघते.