पोचा पडलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. माझ्या काठाखाली ‘सौ. बायडाबाई झुंबर’ असं कोरलेलं आहे. शहाद्याच्या बाजारात लग्नाच्या भांड्यांवर नावं घातली, तेव्हा मला नुसत्या गुदगुल्या झाल्या होत्या. नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी बायडाबाई मला घासताना त्यावरून हळूच बोट फिरवायची. त्या दोघांबरोबरच मी गाव सोडून सामरवरणीच्या कामगारवस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत आलो.

झुंबर जवळच्या खडोलीच्या सुताच्या कारखान्यात कामाला. पाळ्या सारख्या बदलायच्या, त्यामुळे त्याची झोप पार उडाली. चमचा वाजला तरी दचकून उठायचा. शेवटी डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि दारू बंद म्हणून बजावलं. त्याने ऐकलं. माझ्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेतली की त्याचे डोळे मिटू लागत. मला वाटायचं, त्याला झोप मीच देतो. थोडा फुगलोच होतो मी.

एका रविवारी, रात्रपाळी करून आल्यावर, दुपारी त्याने ताडी आणून माझ्यात ओतली. पांढरा फेस वर आला. पत्र्याच्या भोकातून आलेला कवडसा त्यावर तरंगू लागला. मला गुंगी आल्यासारखं झालं.

“डॉक्टरनी नही म्हनेल शे ना?” बायडाबाई म्हणाली.

“दारूले नही म्हनेल शे. हाई काय दारू शे का? झाडनं पानी शे!” झुंबर हसला. त्याने तीन पेले रिकामे केले आणि चौथ्याबरोबर गोळीही गिळली.

थोड्या वेळात तो गाढ झोपला. बायडाबाईला केवढा आनंद झाला! दारात खेळणाऱ्या पोरींना ती म्हणाली, “गलका करू नका वं, आज त्यास्ले झोप लागनी.” मीही तळाशी उरलेल्या फेसात ढगांची स्वप्नं बघत होतो.

पाय न वाजवता ती बाजाराला निघाली. पिशवी उचलताना तिचा पदर मला अडकला आणि मी खणकन फरशीवर आदळलो; अंगाला पोचा पडला. आवाज खोलीभर घुमला. झुंबर हललासुद्धा नाही.

बायडाबाई उंबऱ्यातच थबकली. जवळ येऊन पाहते तर त्याचे ओठ काळसर पडलेले, श्वास अडखळत चाललेला. तिची किंकाळी ऐकून शेजारची मनीषा धावत आली. ती मूळची कोकणातली, दवाखान्यात नर्स. तिने झुंबरला कुशीवर वळवलं, उशाशी पडलेली गोळीची पट्टी पाहिली आणि मला उचलून हुंगलं.

“वहिनी, गोळी ताडीबरोबर घेतली यांनी? रिक्षा बोलवा, आत्ता! गोळीची पट्टी बरोबर घ्या.”

तीन दिवस मी कोपऱ्यात कलंडून होतो. त्याच्या ओठांशी ती ताडी मीच नेली होती, हे मनातून जात नव्हतं. चौथ्या दिवशी झुंबर दवाखान्यातून परतला. मनीषाने दोघांना समोर बसवून सांगितलं, “ताडीही दारूच. ही गोळी श्वास मंद करते, ताडीही करते. दोन्ही एकदम घेतली तर श्वास थांबतोसुद्धा.”

पुढे भांडीवाली आली आणि पोचा पाहून मला मोडीत मागू लागली. बायडाबाईने मला पदराखाली घेतलं. आता गोळीच्या वेळी ती आधी मला हुंगते, मगच पाणी भरते.

मित्रांनो, पेल्याला नको म्हणता येत नाही. कोणी काही ओतलं तरी मी धरतो. तुम्हाला मात्र तोंड आहे. गोळी असो की खोकल्याचं औषध, घरात कोण काय पितं ते डॉक्टरांना न लाजता सांगा. पाणी पिताना झुंबरचा अंगठा रोज माझ्या पोच्यात बरोबर बसतो, तेव्हा तोही एकदा माझ्यात डोकावतो, मगच घोट घेतो.