अर्धा कोयता

सकाळी सात वाजता नेकनूरच्या वेशीतून ऊसतोडीचा ट्रक सुटला. त्यात उत्तरेश्वरची जागा ठरली होती. गेली ती त्याची आई, भिवराबाई.

सलग दुसरं वर्ष विहिरी कोरड्या होत्या. जवळच्या सहकारी कारखान्याचं धुराडं यंदा पेटलंच नाही, म्हणून टोळ्या पार पश्चिमेकडं चालल्या होत्या. भिवराबाईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केलेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. "धोंडीराम, एकटा गडी म्हंजी अर्धा कोयता. अर्धा मी नेत न्हाई," मुकादम बंकट भिवराबाईच्या नवऱ्याला बोलला. तेव्हा उत्तरेश्वर पुढं झाला, "आबा, मी येतो."

गावानं कौतुक केलं. पोरगं बीडला इंग्रजी घेऊन बी.ए. करतंय, परवा तोंडी परीक्षा, तरी आईसाठी निघालं. पण दोन वर्षं हे पोरगं वर्गात मुकं बसलेलं होतं. नाव पुकारलं की जीभ टाळूला चिकटायची. महिनाभर इंग्रजीच्या बाईंनी रोज उभं करून त्याच्याकडून चार-चार वाक्यं बोलून घेतली. "तुला येतं. तुलाच ते पटत नाही," त्या म्हणायच्या.

निघायच्या सकाळी ट्रकपाशी भिवराबाईनं त्याचं गाठोडं खाली फेकलं.

"कावून गं माय?"

"माझ्यापायी चाललास व्हय? परीक्षेला भ्यालास तू. त्यापरीस ऊस सोपा वाटतोय तुला."

ट्रकातली बायनाबाई हसली, "येऊ दे की! उसाला इंग्रजीत शिव्या दील."

"तू गप बस, बायने," म्हणत भिवराबाई ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून वर चढली. उत्तरेश्वरला तिला अडवता आलं नाही. ती खरं बोलली होती.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, आई-वडील काय करतात? तो इंग्रजीतून सांगू लागला: ऊस बुडख्यात कसा छाटतात, मोळी कशी बांधतात, बाया ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कशा चढतात. तिथं त्याचा आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. बाहेर आल्यावर बाईंनी पाठीवर थाप मारली.

आठवडा उलटायच्या आत धोंडीरामचा फोन आला. भिवराबाई उसाच्या फडातच कोसळली होती. अंगावरून रक्त जायचं थांबेना, म्हणून तिला तिथल्या दवाखान्यात नेलं होतं.

"बोलती का, आबा?"

"न्हाई. आन् बंकट इचारतोय, जोडीला आता कोण."

"निघालो मी."

मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यानं एसटी धरली. संध्याकाळपर्यंत धोंडीरामचा फोन लागला नव्हता. परीक्षेचा निकाल पुढच्या महिन्यात आहे.