चांदीच्या मुठीची काठी

अण्णाराव दिवाणजींना स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक. सोलापुरात गिरणीमागे गौरम्माची चाळ होती, आणि तिचं भाडं वसूल करायचं काम त्यांचं. एकोणतीस साली कुणी लफंगा पागोटं बांधून आला आणि ‘मालकीणबाईंनी पाठवलंय’ म्हणत निम्म्या चाळीचं भाडं घेऊन पसार झाला. तेव्हा दिवाणजींनी शक्कल काढली. गौरम्माच्या वारलेल्या नवऱ्याची चांदीच्या मुठीची काठी मागून घेतली आणि चाळीला बजावलं, “माणूस बघू नका, काठी बघा. काठी आली तरच भाडं द्यायचं.”

शक्कल छान चालली. या महिन्यात गिरणीचा पगार होऊन वसुलीचा दिवस आला तेव्हा मात्र दिवाणजी हिवतापाने अंथरुणात होते आणि काठी कोपऱ्यात. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला, विजयमालेला, भेटायला जावई सिद्धाराम आला होता. त्याने गुपचूप काठी उचलली. चाळीने मुकाट भाडं दिलं. जावईबापूंनी ते पत्त्यांत उडवलं आणि मग सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्याच डोक्यात काठी घालावी असं दिवाणजींना वाटलं, पण आत मुलगी तान्ह्याला पाजत होती.

भाडं पोचलं नाही म्हणून गौरम्मा स्वतः चाळीत आली. दिवाणजी काठी घेऊन आले. त्यांना आधार द्यायला सिद्धारामही आला, निलाजरा!

“केराबाई, भाडं कुणी नेलं?” गौरम्माने पहिल्या खोलीतल्या भाडेकरणीला विचारलं.

केराबाईनं सिद्धारामकडे पाहिलं, मग दिवाणजींकडे. ती खरं बोलली तर जावई तुरुंगात, पोरीचा संसार धुळीला. नाही बोलली तर आपण चोर.

“काठी बघितली, अक्का. माणूस न्हाय बघितला. दिवाणजींनीच तसं सांगितलंय की.”

बिचारी उपकार करायला गेली. दिवाणजींना आता एकच उत्तर उरलं. “काठी माझ्याकडंच होती, अक्का.”

गौरम्माने काठीच्या मुठीकडे पाहिलं. “आमच्या कामात तुमचे केस पिकले, म्हणून फौजदाराकडं जात नाही. पण वसुलीला आता तुम्ही नको. काठी जावयाकडं द्या. पैसे फिटेपर्यंत तो बिनपगारी काम करील.”

सिद्धारामने हात पुढे केला. बोलावं तर पोर बुडते, गप्प राहावं तर चाळ. दिवाणजींच्या हातून मूठ सुटेना. शेवटी सिद्धारामनेच काठी ओढून घेतली.

“केराबाई,” दिवाणजी कसेबसे म्हणाले, “आतापासून काठी नको, माणूस बघा.”

“बघितलाय की, दिवाणजी,” केराबाई म्हणाली. “तवाच.”