हूवाचं मत

वॉल्टर हॅलम इस्पितळात रिकाम्या हाताने आला, फुलंबिलं न घेता, आणि नवऱ्याच्या पलंगाशी बसलेल्या मारेडला ते बरंच वाटलं. सरकारी पक्षाचा प्रतोद तो. खासदारांना गोळा करून मतदानाला उभं करणं हेच त्याचं काम. फुलं आणली असती तर उगाच नाटक झालं असतं.

"आज चारला मतदान," तो खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाला. "धुळीने मेलेल्या खाणकामगारांच्या विधवांना भरपाई देणारा कायदा. इद्रिस आला तर एका मताने पास. नाही आला तर बरोबरी. आणि बरोबरी झाली की सभापती आहे ते तसंच राहू देतात. म्हणजे कायदा संपला."

"वॉल्टर, डोळे आहेत ना तुला? बघ जरा त्याच्याकडे."

हॅलमने बघितलं नाही. "त्याला सभागृहात चालत यायचं नाहीये. रुग्णवाहिका पार्लमेंटच्या फाटकातून आत आली, दोन्ही बाजूंच्या प्रतोदांनी डोकावून पाहिलं, त्याने मान हलवली, की धरलं मत. जुनी रीत आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"जिवंत पाहिजे."

"जायचं," पलंगावरून इद्रिस म्हणाला. गेले चार दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. "वीस वर्षं घासली मी या कायद्यापायी. आणि आता झोपून राहू?" मग त्याने बायकोकडे मान वळवली. "मारेड, हूवा आलाय गं. सकाळपासून त्या खुर्चीत बसलाय."

हॅलम खुर्चीतून ताडकन उठला.

"काय म्हणतोय?" मारेडने विचारलं.

"काही नाही. नुसता हात पुढे करून बसलाय."

हूवा काय मागायला आला असेल ते तिच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इद्रिसची पहिली निवडणूक. वेल्समधल्या त्या डोंगरगावात पाटीच्या दगडाची खाण, आणि घराघरात धुळीने खोकणारी माणसं. हूवा पॅरी त्यातलाच. सुरुंग वेळेआधी उडाला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं आणि दोन्ही डोळे गेले होते, आणि छाती धुळीने भरली होती ती वेगळीच. मतदानाच्या दिवशी बर्फ पडलं. गाडी वर चढेना, म्हणून चौघांनी घराचं दार काढून त्यावर हूवाला झोपवलं आणि शाळेपर्यंत खांद्यावर आणलं. आंधळ्या मतदाराच्या जागी मतपत्रिकेवर फुली मारायला सोबतीण म्हणून मारेड होती, तेवीस वर्षांची, हूवाची टोपी हातात धरून चालणारी. वाटभर म्हातारा एकच घोकत होता, "मला घेऊन चला, पोरी. मधे सोडू नका."

शाळेच्या फाटकाशी तो गप्प झाला. मारेडने त्याच्या मानेखाली हात घातला, तर मान गार पडत चालली होती.

चौघांना कळलं नाही. आत टेबलामागच्या अधिकाऱ्याने विचारलं, "मिस्टर पॅरी, तुमच्या वतीने या मुलीने फुली मारावी असं तुमचं म्हणणं आहे?" आणि हूवाने मान हलवली. म्हणजे मारेडच्या तळव्याने हलवली. का, ते तिला आजही धड सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याला मधे सोडवेना, हे एक. आणि इद्रिसवर तिचा जीव जडला होता, हे दुसरं. खोटं कशाला बोला.

तीनदा मोजणी झाली. इद्रिस निवडून आला, एका मताने.

पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक सभेत इद्रिस तो किस्सा रंगवून सांगायचा. हूवाने मला मत दिलं आणि परतीच्या वाटेवर समाधानाने डोळे मिटले! बहुमत बहुमत म्हणजे काय हो, एका माणसाने अंथरुणातून उठायचं ठरवणं! लोक हसायचे, डोळे पुसायचे. मारेड त्या वेळी चहा टाकायला उठायची.

त्यानंतर पाच निवडणुका झाल्या. इद्रिस हजारांनी निवडून येत गेला, पण दर मतदानाच्या सकाळी स्वयंपाकघराच्या काचेवरच्या वाफेत तीन बोटांची खूण उमटलेली असायची. बाहेरून नव्हे, आतून. इद्रिस उठायच्या आत ती फडक्याने पुसून टाकायची. म्हातारा आपलं मत परत मागतोय, अशी तिची खात्रीच होती. पुन्हा असलं काही करणार नाही, असं ती दर वेळी पुसता पुसता त्याला सांगायची.

हॅलम पुढे निघून गेला. रुग्णवाहिकेत मारेडने नर्सला ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलं. नवरा-बायकोला थोडा वेळ एकटं राहू दे म्हणाली. गाडी थेम्सच्या पुलावर चढली. इद्रिसने तिचा हात घट्ट धरला होता. पूल अर्धा झाला, आणि ती पकड सुटली.

मारेडने त्याच्या नाकाशी गाल नेला. मग ओठांशी. श्वास नव्हता. पुढच्या काचेवर टकटक केली असती तर गाडी तिथेच वळली असती. आणि गावाकडे चारशे विधवा रेडिओला कान लावून बसल्या होत्या. तिची आईही त्यांच्यातच. पण हूवाला शब्द दिला होता तिने, एकदा नव्हे, पाचदा.

ती टकटक करायची राहिली, आणि गाडी फाटकातून आत शिरून थांबली.

मागचं दार उघडलं. हॅलम, आणि त्याच्याबरोबर विरोधी पक्षाचे प्रतोद सर पीअर्स ऑडली, उंच, थकलेले, टोपी काखेत. त्यांनी आत डोकं घातलं.

"माफ करा, मिसेस प्रॉथेरो. नियम आहे म्हणून बघायचं. काय रे प्रॉथेरो, एवढं भांडलास माझ्याशी, आता शेवटी हा ताप दिलासच ना?" ते आणखी खाली वाकले. "मत देतोस ना? कायद्याच्या बाजूने?"

मारेडचा हात आपोआप उशीखाली सरकला. हूवा, मला क्षमा कर, ती मनात म्हणाली, आणि तळवा इद्रिसच्या मानेखाली नेला.

तिथे आधीच एक हात होता.

बर्फासारखा गार, दगड फोडून खरखरीत झालेला. तिच्या बोटांनी तो चाचपला. अंगठा, आणि दोन बोटं. पुढे नुसते खुंट.

इद्रिसची मान हलली. एकदाच, सावकाश.

"झालं," ऑडली म्हणाले. त्यांनी डोळे टिपले, टोपी घातली, आणि दोघे दगडी जिन्याने वर गेले. थोड्या वेळाने आत मतदानाची घंटा वाजायला लागली. मग बऱ्याच वेळाने हॅलम पायऱ्या उतरत, धापा टाकत ओरडत आला, "एका मताने! मारेड, एका मताने!"

मारेडने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचा हात उशीखालीच होता, आणि तो दुसरा हातही. इतकी वर्षं म्हातारा काही मागत नव्हता. मान धरायला तो हात पुढे करून बसला होता.

"पुरे आता, हूवा," ती हळूच म्हणाली. "पोचलो आपण. ठेव त्याला खाली."

आणि इद्रिसचं डोकं अलगद, कुणीतरी सांभाळून ठेवावं तसं, उशीवर टेकलं.