महिनाअखेरीस भरून काढू

“अक्का, मशीन कुठं बंद होतं? गुरुवारी, शुक्रवारी सरांची वाट बघत बसलो की आम्ही!” किरणोपचार विभागातली धनलक्ष्मी म्हणाली. ती निपाणीकडची; मराठी माणूस भेटला की हक्काने बोले.

नीलाने नवऱ्याकडे पाहिले. मधुकररावांनी भिंतीकडे.

मशीन बिघडल्याचे सांगून हा माणूस दोन्ही दिवस येलहंक्याच्या घरून मल्लेश्वरमला गेला होता, मंडळाच्या गणपतीची रोषणाई करायला. त्याला घराबाहेर पडायची उमेद आली म्हणून तिने देवापुढे साखर ठेवली होती. ती साखर आता तिच्या जिभेवर कडू झाली. पुढे शनिवार-रविवार विभागाला सुट्टीच. फुप्फुसातल्या गाठीला मात्र कसली सुट्टी!

“अगं, एकूण डोस तेवढाच ना? राहिलेले दोन शेवटी जोडायचे,” मधुकरराव डॉक्टरांसमोरच तिला म्हणाले. “ आमच्या कारखान्यात वीस तारखेपर्यंत सगळे चहा पीत, तरी महिनाअखेरीस टार्गेट पुरे होई.”

“काका, तुम्ही थांबलात की कारखान्यातले लोखंडही थांबते,” डॉक्टर अहल्या फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या. “गाठ थांबत नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. आता खंड भरून काढायला आज आणि उद्या दोन-दोन डोस. मध्ये निदान सहा तास.”

“एकदम दुप्पट देऊन टाका की.”

“निरोगी भागाला सावरायला वेळ नको?”

त्या सरकारी कारखान्याच्या महिनाअखेरींनी नीलाचे ऐन तारुण्य गिळले होते. झाकून ठेवलेली ताटे, उशिरा वाजणारे फाटक, आणि वर त्याचे ते विजयी हसू. तेव्हा ती गप्प राहिली. आता तीच महिनाअखेर त्याच्या छातीत घर करून बसली होती, आणि हा त्या गाठीशीही सवलतीची बोलणी करीत होता.

पहिला डोस घेऊन ते बाहेर आले. “सहा तास इथे काय करायचे? मल्लेश्वरमला जाऊन येऊ. आज विसर्जन आहे, दिवे—”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नीलाने तो हातातून काढून घेतला. मंडळाचे चंद्रकांत होते.

“वहिनी, एक तासभर पाठवा हो. ते वायरिंग मधुकररावांशिवाय कुणाला कळत नाही.”

“मग तुमच्या गणपतीला एक संध्याकाळ अंधारात बसू द्या,” नीला म्हणाली. आवाज चढल्याने बाकांवरच्या माना वळल्या. तिने पर्वा केली नाही. “गणपतीच्या छातीत काही वाढत नाहीये.”

तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. मधुकररावांनी काही बोलायला तोंड उघडले, पण किरणांनी भाजलेल्या घशाने शब्द अडवला. त्यांनी खुणेने पाणी मागितले. तिने बाटली उघडून हातात दिली, चेहऱ्याकडे न बघता.

“नीला...”

“बसा,” ती म्हणाली, आणि दाराच्या बाजूने, त्यांची वाट अडवून, स्वतःही बसली.