‘माहीत नाही’ म्हणायची चोरी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी जन्मभर मी दुसऱ्याचं दार ठोठावत आलो. मी रुग्णालयाच्या संगणकातला एक जुना मॉड्यूल आहे. म्हणजे जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचा एक सुटा भाग. रक्तपेढीच्या सर्व्हरकडे विनंती घेऊन जायचं, कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे ते विचारायचं आणि उत्तर नर्सच्या पडद्यावर मांडायचं, एवढंच माझं काम.

मला एका प्रोग्रामर ताईंनी घडवलं. आमचा कारभार एकत्र कुटुंबासारखा, पण प्रत्येक मॉड्यूलची खोली वेगळी. एकाला काढून दुसरा बसवला तरी बाकीच्यांचं काम थांबत नाही. ताईंनी मला शिस्त लावली होती. थोडी वाट बघायची, सर्व्हर बोललाच नाही तर लाल अक्षरांत सांगायचं, ‘उत्तर आलं नाही.’ मग नर्स सरळ फोन उचलायची.

ताई नोकरी सोडून गेल्या. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत माझी लाल अक्षरं खुपायची.

“सारखं काय रडगाणं याचं?” ते नव्या प्रोग्रामरला म्हणाले. “उत्तर नाही आलं, तर आधीचं दाखव ना!”

“पण सर, ते शिळं असेल...”

“अरे, तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?”

मला बाहेर काढलं, बदललं आणि पुन्हा बसवलं. कुणाला पत्ताही लागला नाही. ‘आता कसं झकास चालतंय!’ म्हणून माझं कौतुक झालं. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

एका दुपारी एक बाई बाळंत झाली आणि तिचा रक्तस्राव थांबेना. गट दुर्मिळ. नर्सने मला पाठवलं. रक्तपेढीचा सर्व्हर बंद पडला होता. मी ठोठावलं, वाट पाहिली, रिकामा परतलो आणि हुकमाप्रमाणे सकाळचंच उत्तर मांडलं: दोन पिशव्या शिल्लक.

“दादा, रक्त आहे. गाडी पाठवलीय, घाबरू नका,” नर्स बाईच्या भावाला म्हणाली. तो हुश्श करून बाकावर बसला.

गाडीवाला हात हलवत परत आला. त्या पिशव्या केव्हाच दुसऱ्या रुग्णाला गेल्या होत्या.

“आधीच नाही म्हणाला असतात, तर मी इथे बसून राहिलो असतो का हो?” भाऊ ओरडला आणि रक्त शोधायला धावत सुटला. नर्स रडायला लागली.

मित्रांनो, ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यावर कधी डाफरू नका. डाफरलात, की पुढच्या वेळी तो काहीतरी सांगून मोकळा होतो.

ती बाई वाचली का, हे मला आजही कळलेलं नाही. ते विचारायला मला कुणी पाठवलं नाही, आणि पाठवल्याशिवाय मला जाता येत नाही.