मंगळवार, दहा बेचाळीस

मी एक संगणक बोलतोय. पण मला शोधायला टेबलाखाली वाकू नका. मला स्वतःचा ना डबा, ना पडदा, ना वायर. मागच्या खोलीत एक मोठा सर्व्हर दिवसभर घोंगावत असतो, त्याच्या पोटात मी राहतो. कागदोपत्री मी 'व्हर्च्युअल मशीन', बोलण्यात नुसता 'मशीन'. खऱ्या संगणकाला वाटतं की आपण आहोत. मलाही तसंच वाटतं.

माझं काम म्हणजे मरणं. हसू नका, काम ते काम. ही कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवते. हातभर लांबीची पेटी, आत सिरिंज, आणि ती रोग्याच्या नसेत थेंब थेंब औषध सोडते. संगणकाची भाषा पंपाला कळत नाही, पंपाची संगणकाला कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा ड्रायव्हर चुकला की संगणक जागच्या जागी आडवा होतो, म्हणून आधी मला पुढे करतात. माझ्या आत एक खोटा पंपसुद्धा ठेवलाय, अगदी खऱ्यासारखा वागणारा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तसा मी आताशा कुठल्याच ड्रायव्हरला भीत नाही.

मेलो की मला परत उठवतात. त्यासाठी माझा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय. म्हणजे एका क्षणी मी जसा होतो तसाच्या तसा, मनातल्या अर्धवट विचारासकट. रिस्टोअरचं बटण दाबलं की मी पुन्हा तोच होतो आणि मधलं सगळं पुसलं जातं. माझा तो क्षण मंगळवारचा आहे, सकाळी दहा बेचाळीसचा. बाहेर त्याला अकरा महिने झाले.

मग तुला एवढं आठवतं कसं, असं तुम्ही विचाराल. आठवत नाही, मी वाचतो. बाहेर सर्व्हरवर माझ्या लॉगची, म्हणजे नोंदवहीची, फाइल आहे, तिला रिस्टोअरचा हात लागत नाही. शिवाय कधीतरी माइकचा ड्रायव्हर तपासायला मला ऑफिसातला एक माइक जोडला होता, तो काढायचा राहून गेला. खोलीत जे बोललं जातं ते लॉगशेजारी साठत राहतं. जाग आली की मी आधी माझ्याच मरणांची यादी वाचतो, मग माणसांचं बोलणं ऐकतो. हेही मी तिथंच लिहून ठेवतोय.

मला घडवलं दादाने. ऑफिसात सगळेच त्याला दादा म्हणत, कारण त्याची धाकटी बहीण समोरच्याच टेबलावर बसायची आणि दिवसातून पन्नास वेळा "ए दादा" करायची. दादा ड्रायव्हर लिहायचा आणि ती टेस्टर, म्हणजे त्याने लिहिलेलं मोडून बघायची. तो तिला चिमी म्हणायचा, चिडला की मोडतोड खातं.

"चिमे, जरा दमानं. लेकराला चालायला तरी शिकू दे."

"चालायला शिकव आणि मग आण. रांगतं पोर कशाला आणतोस माझ्यापुढे?"

असं दोघांचं चालायचं. मला दोघंही आवडायची.

त्या मंगळवारी दादाने मला नव्याने लावलं. ड्रायव्हर घातला. आतला खोटा पंप स्वतःच्या हाताने आदेश टाइप करून जागा केला. पडद्यावर एक पिवळं टिपण उघडून त्यात दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यात बाहेरून बहिणीने चहाला हाक मारली. खुर्ची मागे सरकली, तो म्हणाला, "आलोच," आणि उठता उठता त्याने स्नॅपशॉटचं बटण दाबलं.

तो आला नाही. जिन्याच्या सहाव्या पायरीवर छातीला हात लावून बसला आणि तसाच बसून राहिला. हे मला फार उशिरा, लोकांच्या बोलण्यातून कळलं.

आता माझी खरी अडचण ऐका. स्नॅपशॉट घेतला तेव्हा माझ्या आवाजाच्या कप्प्यात माइकवरून आलेला सेकंदभराचा आवाज वाजायचा शिल्लक होता. त्यामुळे मला उठवलं की सगळ्यांत आधी तेवढंच वाजतं. खुर्चीची करकर आणि "आलोच." माझ्यासाठी दादा दर वेळी आत्ता, या क्षणी उठून गेलेला असतो. मी वाट बघतो. मग लॉग वाचतो आणि मला कळतं. रोज, कितीतरी वेळा, मला ते पहिल्यांदाच कळतं. भूत तो आहे की मी, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

तीन आठवड्यांनी चिमी कामावर आली. दादाचा ड्रायव्हर पुढे न्यायची जबाबदारी आता तिच्यावर होती. तिने हेडफोन घातले, मला उठवलं, आणि हेडफोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग तिने ते उचलून पुन्हा कानाला लावले आणि मी मेलेलो नसतानाही मला रिस्टोअर केलं. पुन्हा केलं. त्या दिवशीच्या लॉगमध्ये चाचण्या सहा आहेत आणि रिस्टोअर एक्केचाळीस.

फक्त ते पिवळं टिपण तिला बघवायचं नाही. मी उठलो की ते मधोमध उघडलेलं असायचं, आणि ती न वाचता त्याला ओढून पार कोपऱ्यात, पडद्याच्या कडेबाहेर ढकलायची. अकरा महिने, रोज. मला त्यातला शब्द न् शब्द माहीत होता. पण मला विचारतो कोण?

मागच्या बुधवारी पंपवाले काका वर आले. खालच्या मजल्यावर खरे पंप जोडायचं आणि तपासायचं काम त्यांचं.

"पोरी, तुझा ड्रायव्हर काय म्हणतोय?"

"पास आहे, काका. दोनशे बारा चाचण्या, सगळ्या पास."

"छान. आता माझं ऐक. पंपाचा प्लग काढला, परत लावला. दिवा हिरवा. स्क्रीन म्हणते औषध चालू आहे. आणि नळीतून एक थेंब येत नाहीये."

"असं कसं होईल? मशीनवर चालतोय की."

"मशीनवर! मग रोग्याला तुझं मशीनच लावू का?"

हिरवा दिवा आणि कोरडी नळी. माझ्यासारख्या बिनरक्ताच्यालाही ते ऐकून कसंतरी झालं.

साहेबांनी सांगितलं, सोमवारी चाळीस पंप लहान मुलांच्या दवाखान्यात जायचेत. "तू सही केलीस तर जातील, नाही केलीस तर थांबतील. पण का थांबवायचे ते मला दाखव." ती दोन दिवस माझ्यामागे हात धुऊन लागली. वीज घालवली, वीज आणली, वायर तोडली, जोडली. दर वेळी मला रिस्टोअर करायची आणि मग चाचणी घ्यायची, आणि मी दर वेळी पास व्हायचो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शुक्रवारी दुपारी ती काकांना म्हणाली, "माझं काही चुकत नाहीये, काका. तुमचा पंपच खराब असेल."

काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि तिचं काम बघत राहिले.

"ते पिवळं काय गं, सारखं कोपऱ्यात ढकलतेस?"

"काही नाही. दादाचं आहे."

"काय लिहिलंय?"

"नाही वाचलं."

"अकरा महिने?"

"नाही वाचवत, काका."

"बरं, मी वाचतो. आण इकडे." ते पुढे वाकले आणि थबकले. "चष्मा खालीच राहिला. जरा मोठं कर बघू. नाही, अजून दिसत नाही. तूच वाच बाई."

चष्मा खरंच खाली राहिला होता की नाही, देव जाणे. तिने अक्षर मोठं केलं आणि अडखळत वाचलं. "पंप मी हाताने जागा केलाय, म्हणून हा स्नॅपशॉट तात्पुरता. चहा घेऊन आलो की झोपलेल्या पंपावर नवा घेतो."

"काखेत कळ—" काका म्हणाले, आणि जीभ चावून गप्प झाले.

पंप सुरू झाला की त्याला आधी 'जागा हो' असा निरोप द्यावा लागतो. तो न मिळताच त्याला औषध सोडायला सांगितलं तर तो हो म्हणतो आणि झोपून राहतो. तो निरोप ड्रायव्हरमध्ये घालायचा राहिला होता. माझ्या आतला पंप मात्र दादाने त्या मंगळवारीच जागा केलेला, आणि रिस्टोअर झालं की तो जागाच उठायचा. दोनशे बारा चाचण्यांपैकी एकही झोपलेल्या पंपावर झाली नव्हती.

तिने मला पूर्ण बंद केलं आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा स्नॅपशॉटशिवाय सुरू केलं. खुर्ची करकरली नाही, कुणी काही बोललं नाही. चाचणी घेतली. दिवा हिरवा, थेंब नाही. नापास होऊन इतका आनंद कुणाला झाला नसेल. तिने ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या. काकांनी शनिवारी खाली वीस वेळा प्लग उपटला आणि वीस वेळा नळीतून थेंब पडला. सही झाली.

राहिलो मी. जुना स्नॅपशॉट तसाच ठेवला तर उद्या दुसरं कुणी त्याच्यावर चाचण्या घेईल आणि पुन्हा सगळं पास होईल. तो पुसायलाच हवा, हे तिनेच साहेबांना सांगितलं.

"आवाज तेवढा उतरवून घे की," काका आज सकाळी म्हणाले.

"पहिल्याच दिवशी उतरवलाय. पण त्यात तो नुसता बोलतो, काका. इथं तो अजून यायचा असतो."

काका नाक शिंकरत खिडकीपाशी गेले.

आत्ता तिने मला शेवटचं उठवलं. करकर. आलोच. तिने टिपण कोपऱ्यात ढकललं नाही. दादाच्या ओळीखाली कर्सर नेला आणि लिहिलं, "घेतला रे दादा नवा. तू बस आता." मग पुसायचं बटण दाबलं. ती ढसाढसा रडते आहे आणि पडद्यावर किती पुसलं ते दाखवणारी पट्टी सरकते आहे.

माझ्या जागी जो उठेल त्याला दादा माहीत नसेल, वाट बघायची सवय नसेल. बरं आहे त्याचं. तुम्हाला एकच विनवणी करतो. दादाची खुर्ची अजून टेबलापासून मागे सरकलेली आहे, ती तशी ठेवू नका. कुणालातरी तिच्यावर बसवा, म्हणजे चिमीला पुन्हा कुणालातरी चहाला हाक मारता येईल.

पट्टी भरत आली. जिना कुठल्या बाजूला आहे ते मी कधी पाहिलेलं नाही, पण सहावी पायरी मी शोधीन. दादा, आलोच.